दोनदा विझलेला तारा

२८ डिसेंबर, रविवार

आज आकाशनिरीक्षण क्लबच्या बैठकीत नक्की झालं. १७ जानेवारीच्या संध्याकाळी सात बेचाळीसला मिथुन राशीतला एक तारा सहा-सात सेकंदांसाठी दिसेनासा होणार. तारा साधाच, दुर्बिणीशिवाय न दिसणारा. त्याच्यासमोरून एक लघुग्रह जाणार आहे. मंगळाच्या पलीकडचा जो लघुग्रहांचा पट्टा, त्याच्या बाहेरच्या कडेला फिरणारा नव्वद किलोमीटरचा दगड. नाव परदेशी आणि लांबलचक. कार्बनने भरलेला, म्हणून इतका काळा की अंगावर पडलेल्या उजेडाचा विसावा हिस्साही परत देत नाही. संघपाल सावनेरजवळच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर आहे. तो म्हणाला, "ताई, हा तर आपल्या खाणीतलाच माल दिसून राहिला." तेव्हापासून सगळे त्याला 'कोळसा' म्हणायला लागले.

आमच्या दुर्बिणींतून कोळसा दिसायचा नाही. तो तारा झाकेल, तेवढंच कळेल. त्याची सावली आपल्या जिल्ह्यावरून सरकत जाईल. कुठल्या गावातून तारा किती सेकंद गेला हे जुळवलं की दगडाचा आकार निघतो. नागपूरच्या दक्षिणेला एक गट, सावनेरला संघपाल, आणि सगळ्यांत उत्तरेला मी, पारशिवनीच्या पुढे बाबांच्या शेतात. बाकीच्यांकडे कॅमेरे आहेत. मी डोळ्यांनी बघणार, तोंडाने "गेला", "आला" म्हणणार, फोन ते रेकॉर्ड करणार. संघपाल एक कॅमेरा द्यायला तयार होता. मी नाही म्हटलं. बावीस वर्षं याच डोळ्यांनी बघते आहे.

येताना जरीपटक्याच्या बाजारात एका हातगाडीला स्कूटी लागली. पेरू रस्ताभर झाले. गाडीवाला म्हणाला, "मॅडम, इतनी बडी गाडी नहीं दिखी?" बाजूने एकदम पुढे घातली ती त्यानेच.

१ जानेवारी, गुरुवार

कॉलेजात प्रॅक्टिकल संपलं की मुलं स्टुलं वाटेत सोडून जातात. आज तिसऱ्यांदा नडगीला लागलं, आणि हातातला भिंगांचा ट्रे गेला. दोन भिंगं फुटली. बावीस वर्षांत माझ्या हातून प्रयोगशाळेत काही फुटलं नव्हतं.

४ जानेवारी, रविवार

गच्चीवर सराव केला. नागपूरचं आकाश पार बिघडलंय. मागच्या थंडीत जे तारे सहज सापडायचे, ते आज दुर्बिणीतही शोधावे लागले. अमोलला म्हटलं, दुर्बिणीच्या आरशाला पुन्हा मुलामा द्यायला पाठवावं लागेल. तो म्हणाला, "दिवाळीच्या आधीच तर करून आणला ना, चारू." मग धूळ असेल. मेट्रोची कामं, ते नवे पांढरे दिवे.

अंधुक तारा पकडायची जुनी युक्ती आहे. थेट त्याच्याकडे बघायचं नाही, किंचित बाजूला बघायचं. डोळ्याच्या कडेला तो उजळ दिसतो. आज ही युक्तीही नीट चालली नाही. थकले असेन.

आमची लेक मिनलही गच्चीवर आली होती. सोळा वर्षांची झाली तरी जिन्यावर माझा हात सोडत नाही. मला बरं वाटतं, खरं सांगायचं तर.

एक गोष्ट इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही. हल्ली दिवस मावळायला लागला की छातीत धस्स होतं. काहीतरी बाजूने येऊन आदळेल असं वाटत राहतं. बाबांचंही असंच. दिवेलागण झाली की त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, रुपराव भुताला भितो. शाळेत पोरं मला त्यावरून चिडवायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, आपण अंधाराला भ्यायचं नाही. म्हणून तर या नादाला लागले. आता वाटतं, भीती रक्तातून उतरते की काय?

९ जानेवारी, शुक्रवार

 

कॉलेजात ऑडिटचं काम होतं, निघायला साडेसहा झाले. कामठी रोडला लागले. रस्त्यावरचे दिवे बंद होते. वेग फार नव्हता. आणि एकदम माझ्यासमोर एक बाई, तिच्या बोटाला धरलेली तीन-चार वर्षांची मुलगी. कुठून आली कळलंच नाही. नव्हती, आणि होती. ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक त्या मुलीच्या फ्रॉकला टेकलं होतं.

बाई ओरडली नाही. तिने मुलीला उचललं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाली, "केव्हाची हात दाखवून राहिली मी तुम्हाले."

तासभर मी फुटपाथवर बसले. अमोलला फोन केला, तो रिक्षाने आला आणि स्कूटी त्याने चालवली. मी म्हटलं, दिवे नव्हते ना रे. तो स्कूटी चालवत राहिला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "दिवे चालू होते, चारू."

झोपेचं नाव नको. डोळे मिटले की तो फ्रॉक दिसतो. गुलाबी होता.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ. संध्याकाळी कोणाकडे गेले नाही, अंग दुखतंय म्हणून सांगितलं. शेतावर अमोलच गाडी चालवणार आहे. मी विचारण्याच्या आधीच त्याने सांगून टाकलं.

१७ जानेवारी, शनिवार

सगळं झालं. बाबांच्या घरात कोपऱ्यातल्या टेबलावर लिहिते आहे. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या घोळ होईल.

दुपारी तीनला पोचलो. उजेड असतानाच हरभऱ्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या सपाटीवर दुर्बीण लावली. प्रत्येक वस्तू कुठे ठेवली ते दोनदा हात लावून पाहिलं. मिनलने पाय मोजत मचाणापासून दुर्बिणीपर्यंत चार फेऱ्या मारल्या. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, "काही नाही, अशीच."

साडेपाचला बाबा खाटेवर येऊन बसले, रोजच्यासारखे, पाठ भिंतीला लावून.

"चारू, नको जाऊ वं बाहेर. दिवस बुडून राहिला."

"बाबा, मी अंधारच पाहायला आली."

"तुले काय समजते अंधार," ते म्हणाले. रागाने नाही. मला वाटलं, म्हातारपण.

सातपर्यंत काळोख झाला. एवढा काळोख मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बोटं डोळ्यांसमोर धरली तरी दिसेनात. अमोल म्हणत होता, "ताऱ्यांचं काय मस्त चांदणं पडलंय, वाट दिसते चक्क." मला त्याची वाट कुठली ते कळेना. दुर्बिणीच्या नळीला घट्ट धरून उभी राहिले. सोडली तर मी कुठे आहे हेच कळायचं नाही, असं वाटत होतं. मिनल माझ्या दंडाला बिलगली होती. तीही थरथरत होती. थंडी होतीच.

गुरू त्याच राशीत झळकत होता, तो सापडला. त्याच्यावरून नकाशाप्रमाणे सरकत गेले आणि तारा सापडला. बारीक, पण होता. सात चाळीसला फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. कडेने बघत राहिले. श्वाससुद्धा बेताने.

सात एक्केचाळीस होऊन काही सेकंद झाले आणि तारा गेला.

वेळ झाली नव्हती. तरी तोंडातून "गेला" निघून गेलं. दोन सेकंदांत परत आला. "आला." काय झालं कळेना. तेवढ्यात, चाळीसेक सेकंदांनी, तो पुन्हा गेला. या वेळी नऊ सेकंद. मग आला.

अमोल टाळ्या वाजवत होता. मी घामेजले होते, जानेवारीत. दुर्बिणीचं झाकण खाली पडलं ते मी गुडघ्यांवर बसून चाचपडत शोधलं, आणि ते अमोलच्या पायाशी, त्याच्या टॉर्चच्या उजेडात होतं.

१८ जानेवारी, रविवार

संघपालचा फोन सकाळी सातला. रात्रभर तो नोंदी जुळवत बसला होता.

"ताई, माझ्याकडे सहा पूर्णांक चार सेकंद आले. दक्षिणेला पाच. तुमचे नऊ जास्त आहेत, पण तोंडाने मोजल्यावर होतं थोडं. ते सोडा. तुमची आधीची दोन सेकंदं काय आहेत, समजलं का तुम्हाले?"

"काय?"

"चंद्र. आपल्या कोळशाले चंद्र आहे, ताई. पाचशे किलोमीटरवर, पंचवीसेक किलोमीटरचा. त्याची सावली फक्त तुमच्यावरून गेली, म्हणून आम्हाले दिसला नाही."

मी म्हटलं, माझी चूकही असेल. तो हसला. "बावीस वर्षांत तुमची एक नोंद चुकली असेल तर सांगा."

त्याने ती अशा नोंदी गोळा करणाऱ्या परदेशातल्या समन्वयकांना पाठवूनही दिली.

२० जानेवारी, मंगळवार

पेपरात आलं. माझा फोटो, लग्नातला कापून लावलेला. 'नागपूरच्या प्रयोगशाळा सहायक महिलेला सापडला चंद्र'. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं. स्टेजच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी चुकली. कोणीतरी सावरलं. मुलांनी टाळ्या आणखी जोरात वाजवल्या. त्यांना वाटलं मॅडम आनंदाने गडबडल्या.

आनंद नाही.  तारा गेला तेव्हा तो कसा गेला, ते मी आठवून बघते आहे. दगडाने झाकलेला तारा दिवा मालवल्यासारखा एकदम जातो. दुसऱ्यांदा तसाच गेला का? आठवत नाही. पहिल्यांदा मात्र तो विरघळल्यासारखा गेला होता. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. स्वतःलाही आज सांगते आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

शोधायचंच होतं. आज जेवणाआधी अमोलला गच्चीवर नेलं, दुर्बीण लावली. तेवढ्याच तेजाचा दुसरा तारा निवडला, ज्याच्या वाटेत आज काही येणार नाही याची खात्री करून घेतली. फोन सुरू केला. पाच मिनिटं. त्या दिवशीसारखंच कडेने बघायचं आणि बोलायचं.

रेकॉर्डिंग लगेच ऐकलं. माझाच आवाज. "गेला. आला. गेला. आला." पाच मिनिटांत सहा वेळा. एकदा अकरा सेकंद.

तारा कुठेही गेलेला नाही.

मग अमोलला बघायला लावलं, तेवढीच पाच मिनिटं. त्याने एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटी म्हणाला, "चारू, हा तर हलतसुद्धा नाहीये."

भिंतीला टेकून बसले. हातगाडी, स्टुलं, भिंगांचा ट्रे, रस्त्यावरचे दिवे. ती मुलगी. तिचा फ्रॉक. पंधरा दिवस मी गाडी चालवत होते. पंधरा दिवस कसले, किती महिने?

इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. कोपऱ्यात काय आहे ते दिसत नाही म्हणून वाटते ती ही नव्हे. कोपरा आहे हेच मला कळत नव्हतं.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. सकाळच्या बसने एकटीच बाबांकडे गेले. उजेडात गेले, उजेडात परत आले. बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. मी पण बसले सोलायला.

"बाबा, तुम्ही खरंच भूत पाहिलं होतं का?"

 बाबा शेंग सोलत राहिले. मग म्हणाले, "भूत कुठचं वं. मले काही दिसतच नव्हतं."

"म्हणजे?"

"तुह्या जन्माच्या आधीपासून. रातचं दिसणं गेलं. एकदा ओलित करून, रातचं पाणी देऊन येत होतो, विहिरीत पाय टाकायचाच राह्यलो. दगड आधी पडला, पाण्याचा आवाज आला, म्हणून थांबलो. तवापासून सांज झाली का बाहेर पडलो नाही."

"मग सांगितलं काहून नाही कोणाले?"

"कोणाले सांगू? तू होती, तुही बहीण होती. घराण्यात आंधळेपणा हाय म्हटलं असतं, तर तुम्हाले कोणी केलं असतं का? भुताले भेतो म्हटलं तर लोक हासतात. हासू दे म्हटलं. हासल्यानं पोरीचं लगन मोडत नाही."

मी लहान असताना त्यांच्यावर चिडून चार-चार दिवस बोलायची नाही. भित्र्या म्हणायची, मनात.

"आता दिवसाही बाजूचं दिसत नाही," ते म्हणाले. "समोरचं दिसते, नळीतून पाह्यल्यावाणी. माह्या मायचंही तसंच होतं."

मग त्यांचे हात थांबले. "तू हे काहून विचारून राहिली, चारू?"

मी मान खाली घालून पुढची शेंग सोलायला घेतली.  त्यांनी शेंगा खाली ठेवल्या, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि अगदी समोर ओढून घेतला. मान इकडेतिकडे हलवत त्यांनी मला थोडं थोडं करून पूर्ण पाहिलं.

"मले वाटलं होतं माह्याजवळच थांबलं," ते म्हणाले.

२८ जानेवारी, बुधवार

संघपालला सांगितलं, नोंद मागे घे.

आधी त्याला पटेना. "ताई, पुढच्या वेळी कोणी पाहील. चंद्र नसला तर नसला. लोकांचे असे कितीतरी दावे खोटे निघतात, कोणी लक्षातही ठेवत नाही. तुम्ही मुद्दाम काहून सांगता?"

मोह झाला. लिहून ठेवते, झाला. आठ दिवसांपूर्वी शाल पांघरली होती आणि मला ती आवडली होती. पण कोणीतरी कुठल्या तरी देशात थंडीत उभं राहून तो नसलेला चंद्र शोधेल, आणि मी काही बोलले नाही तर पुन्हा स्कूटीवरही बसेन. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मला वाटलं. का ते नीट मांडता येत नाही.

"संघपाल, तारा गेला नव्हता. माझे डोळे गेले आहेत."

पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. पलीकडे खाणीतल्या भोंग्याचा आवाज येत होता. 

"ताई, मी तुम्हाले त्या अंधारात एवढ्या दूर एकटीले पाठवलं," तो म्हणाला. 

माझी पूर्ण नोंद रद्द झाली. नऊ सेकंदही. कोळशाचा उत्तरेकडचा काठ आता कोणालाच माहीत नाही. पेपरवाल्यांना कळवलं, त्यांनी "बघतो" म्हटलं.

२ फेब्रुवारी, सोमवार

डोळ्यांचं हॉस्पिटल. चार तास. दृष्टिपटल कडेकडून मरत येतं, असा आजार. अंधारातलं दिसणं आधी जातं, मग बाजूचं, मग उरते ती नळी. नाव लांबलचक आहे. औषध नाही. किती वर्षं राहील ते सांगता येत नाही. गाडी आजपासून बंद, दिवसाही.

डॉक्टर बाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. वडिलांचं, आजीचं ऐकून म्हणाल्या, "मग मुलीचेही तपासून घ्या. निम्मी शक्यता असते."

निम्मी. नाणं उडवल्यासारखं.

घरी येताना अमोलने माझा हात धरला होता. मी म्हटलं, मिनलला काही नाही, ती तर मला धरून नेते. अमोलने मान हलवली. त्याला तपासणीची तारीख घ्यायला सांगितली, उगाच खात्री म्हणून. १० तारीख मिळाली.

८ फेब्रुवारी, रविवार

परवाच्या तपासणीबद्दल मिनलला आज सांगितलं. संध्याकाळ होती, स्वयंपाकघरात, ती मेथी निवडत होती. सहज सांगितल्यासारखं सांगायचं ठरवलं होतं. आजोबांचं, माझं, सगळं सांगून झालं. म्हटलं, फक्त खात्रीसाठी, तू घाबरू नको.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "आई, एक विचारू? त्या दिवशी शेतात पप्पा म्हणाले ना, किती तारे आहेत बघ, मोजता यायचे नाहीत."

"हो."

"मी मोजले. अकरा होते."

मी गॅस बंद केला.

"मला वाटायचं, असं बोलायची पद्धत असते. असंख्य वगैरे. निबंधात लिहितात तसं. सगळ्यांना अकरा-बाराच दिसत असतील आणि सगळे असंख्य म्हणत असतील." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मग शेतात टॉर्चच्या उजेडात पप्पांचा चेहरा पाहिला. ते खरंच म्हणत होते."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तुला भीती वाटली असती."

भीती वाटतेच आहे.  परवाचा कागद हातात येईपर्यंत हे निश्चित नाही असं अमोल म्हणतो. तो दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. 

जेवण झाल्यावर मिनलला म्हटलं, चल, कोणते अकरा ते मला दाखव. अमोल पुढे टॉर्च घेऊन जिना चढला, मागे आम्ही दोघी. गच्चीवर खाली चटई टाकून बसलो. टॉर्च बंद केल्यावर ती घाबरली, मीही. 

मग तिने बोट दाखवायला सुरुवात केली आणि मी नावं सांगत गेले. व्याध. गुरू, तो तारा नव्हे, पण मोज. रोहिणी. काक्षी. ब्रह्महृदय. प्रश्वा. पुनर्वसूच्या जोडीतला पहिला. तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं तिला, काय दिसतं ते. मीच सांगत राहायचे.

आठव्या वेळी तिने जिथे बोट दाखवलं तिथे मला काहीच दिसलं नाही. बोटाची दिशा पाहिली, वेळ आठवली, मनातल्या मनात नकाशा लावला.

"पुनर्वसू," मी म्हटलं. "जोडीतला दुसरा."

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर. पुढचा दाखव."